इदीची नजर

परशूची कुत्री रामनगरात आली तेव्हा लोकांना पहिल्यांदा तिची कीव आली. बरगड्या लांबून दिसाव्यात अशा, कमरेची हाडं वर आलेली, पोट पाठीला लागलेलं, आणि पाय तर इतके लांब नि बारीक की एखाद्या पाडसाचे उसने आणून लावलेत असं वाटावं. अंग वाळूच्या रंगाचं, पावलं तेवढी पांढरी. श्रावणातल्या पावसात भिकाजीनं तिला बेळगावच्या गाडीतून उतरवलं, तेव्हा थांब्यावरच्या चहावाल्यानं न विचारताच एक बटर तिच्यापुढं टाकला. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

भिकाजी खानापूरचा. आफ्रिकेत, नायजर नावाच्या देशात, विहिरी पाडणाऱ्या एका कंपनीत तो परशूबरोबर कामाला होता. वाळवंटात पिण्याच्या पाण्यासाठी बोअर मारायची, असं काम. परशू मशीनचा फिटर. चैत्रात तो तिथं नाहीसा झाल्याची तार घरी आली होती. मेल्याची नव्हे, नाहीसा झाल्याची. त्यामुळं त्याच्या बायकोच्या, तुळजाच्या, कपाळावर अजून कुंकू होतं, आणि ते पाहून गल्लीतल्या बायका बोलता बोलता थांबत होत्या.

"वैनी, ही परशूची," भिकाजी ओसरीवर टेकत म्हणाला. "तिकडं तंबूत ऱ्हानारी मान्सं असत्यात, तुआरेग म्हनत्यात, त्यांची ही जात. अझावाख. ते लोक इकत न्हाईत. मानूस आवडला तर देत्यात. परशूला दिली. दिवाळीला संगं घिऊन यायची म्हनून त्यानं सगळे कागद करून ठेवलेले. मला तिला ततं सोडून येववंना."

तुळजानं त्याला पाणी दिलं. मग खांबाला टेकून उभं राहत विचारलं, "नेमकं काय झालं भावजी? तारेत काय कळंना."

भिकाजीनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. गाडी बंद पडली होती. दुसऱ्या तळावरून सामान आणायला परशू भर दुपारी पायी निघाला. तळ दिसत होता, इतका जवळ. मध्येच धुळीचं वादळ उठलं. वादळ बसलं तेव्हा दोन्ही तळ जागेवर होते, मधला माणूस नव्हता. कंपनीनं विमानसुद्धा फिरवलं.

"आन् हिनं न्हाई हुडकलं?"

"ही वासावर जात न्हाई वैनी. नजरंवर जाती. दिसलं की पळती, आन् पळाली की जीपसुदीक मागं पडती. वादळात गाडीला बांधलेली हुती. सोडली तर नुस्ती हुबी ऱ्हायली. त्यो गेला त्या अंगाला बघत. आमी तळ हलवला तरी बघत हुती."

आत चुलीपाशी परशूची आई, रुक्मिणी, सगळं ऐकत होती. सुप्याचं धरण झालं तेव्हा म्हातारीचं जुनं गाव पाण्याखाली गेलं नि ही सगळी माणसं रामनगरच्या वसाहतीत आली. ती आतूनच म्हणाली, "घर पान्यात गेलं, ल्योक वाळूत गेला." त्या संध्याकाळी तिनं नाचणीची आंबील जरा जास्त केली. भात, भाकरी, चहातली खारी, कशालाही तोंड न लावलेल्या त्या कुत्रीनं आंबील मात्र भांडं लखलखीत होईपर्यंत चाटली.

तिचं नाव इदी. तिकडच्या भाषेत इदी म्हणजे कुत्राच, असं भिकाजी सांगून गेला.

जोयडा तालुक्यातला इथला पाऊस तिला सोसला नाही. अंगावर केस म्हणजे नुसती सायीसारखी पातळ लव. ओसरीवर उभी राहून ती पागोळ्यांकडं पाही आणि थडथड कापे. तुळजाकडं शिलाईचं मशीन होतं, आसपासच्या बायकांची पोलकी ती शिवायची. तिनं जुनं कांबळं कापून इदीला झूल शिवली. माप घेताना पहिल्यांदा तिचा हात त्या अंगाला लागला. कातडीखाली सगळं ताठ, तारेसारखं, आणि मधे धडधडणारं काळीज. इदीनं तिच्याकडं वळून पाहिलं. लाड करून घेणाऱ्या कुत्र्याची ती नजर नव्हती. पाहुण्यानं घरच्या कर्त्या बाईकडं पाहावं तशी ती पाहत होती. त्या रात्रीपासून ती तुळजाच्या खाटेवर, पायथ्याशी झोपू लागली. खाली झोपणं तिला ठाऊकच नव्हतं.

परक्या माणसाला ती हात लावू देत नसे. भुंकायचीही क्वचित. गावातली कुत्री आधी अंगावर आली, मग तिला सोडून लांबून जाऊ लागली. "उपाशी मारतीस काय गं तिला?" असं दाराशी येणारी प्रत्येक बाई विचारी, आणि तुळजा टाका न थांबवता म्हणे, "जातच तशी हाय."

भातकापणी झाली, मळणी झाली. घरामागं मोकळं रान पडलं. एकदा सकाळी त्या रानातून ससा उठला. इदी ओसरीवर होती. तुळजाला ती उठलेली दिसलीच नाही. दिसली ती एकदम बांधापलीकडं, अंग लांबवून, चारी पाय जमिनीपासून सुटलेले. वळणावर तिनं शेपटीनं तोल सावरला, आणि धुकं कापत ती अशी गेली की तुळजाच्या तोंडून हसू फुटलं. हसल्यावर ती दचकली. चैत्रापासून तो आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

ससा निसटला. इदी परत आली ती ओसरीवर आली नाही. मागल्या अंगणात गवताची गंजी रचली होती, तिच्यावर चढली. वर टोकाला पाय दुमडून बसली आणि समोर पाहू लागली.

घरामागून रान, रानापलीकडं सागवानाची लागवड, तिच्यामागं बोडका डोंगर आणि डोंगराला मधोमध एक खिंड. इदी खिंडीकडं पाहत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच जागा, तीच नजर. तिसऱ्या दिवशीही. तुळजा काही भोळी नव्हती. गवा असेल, बिबट्या असेल, म्हणून तिनं गंजीला शिडी लावली आणि वर चढून इदीच्या मानेशेजारी आपली मान नेली. खिंडीत वाळलेलं गवत होतं आणि वारा होता. पण इदीचे कान मागं झाले होते आणि शेपटीचं टोक हळूहळू हलत होतं.

परक्यासाठी ती असं कधी करत नसे.

काही दिवसांनी तुळजाला वाटलं, इदीची मान थोडी खाली आली आहे. शिवणाऱ्या बाईचा डोळा, तिरपं-सरळ त्याला लगेच कळतं. खात्री करायला तिनं गंजीसमोर एक बांबू रोवला. खिंडीच्या रेषेत. आठवड्यानं पाहिलं तर इदी बांबूच्या डावीकडं, डोंगराच्या उतारावर पाहत होती. मग पायथ्याला. मग सागाच्या कडेला. जे काही होतं ते घाई करत नव्हतं. चालत होतं.

तुळजा हे कुणाला बोलली नाही.

फाल्गुनात धाकटा दीर कान्हू भटजींना घेऊन आला. त्याच्या थोरल्या पोरीला, गिरजाला, स्थळ सांगून आलं होतं, आणि घरात असं अर्धं मरण असताना सोयरीक कोण जोडणार? देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात, तेवढं उरकावं, असं त्याचं म्हणणं.

"वैनी, माजा भाऊ हाय त्यो," कान्हू म्हणाला. "मला हौस हाय व्हय? पर त्यो तसाच हिंडत ऱ्हायला तर?"

तुळजानं भटजींकडं पाहिलं. भटजी म्हातारे, सावकाश बोलणारे. ते म्हणाले, "आत्ता नाही जमायचं. पळसाला सध्या नुसती फुलं आहेत. पानं यायला वैशाख उजाडेल."

तुळजाला तेवढी मुदत पुरे होती. डोंगर, सागवान, रान. वैशाखापर्यंत येतील. तिच्या मनात हे वाक्य इतकं सरळ उमटलं की ते आपलंच आहे हे कळायला तिला एक क्षण लागला.

चैत्रात इदीची नजर उघड्या रानात आली. एके दुपारी ऊन पांढरं झालं होतं, रानात कुणी नव्हतं. तुळजा इदीला गंजीवर तशीच ठेवून रानात उतरली. ढेकळं तुडवत ती नेमकी त्या जागी गेली जिथं इदी पाहत होती. दोन बांधांच्या मधे, एका पळसाच्या बुंध्याजवळ. तिथं काही नव्हतं. पायाखाली तापलेली माती, वर घारीचा आवाज.

ती वळली आणि तिनं घराकडं पाहिलं.

गंजीवर इदी उभी राहिली होती. तुळजाला वाटलं, आता आपल्याकडं बघेल. पण इदी तिच्याकडं बघत नव्हती. तिच्या उजव्या खांद्याशेजारी बघत होती. थोडं वर. तुळजापेक्षा वीतभर उंच माणसाचं तोंड जिथं असेल, तिथं.

तुळजानं मान वळवली नाही. भीती वाटली असं नाही. वळून पाहिलं आणि काही दिसलं नाही, तर? ती हळूच म्हणाली, "दमला असाल." आणि घराकडं चालू लागली, पावलं लहान टाकत, कुणाला बरोबर येता यावं अशी.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या जागी पाण्यानं भरलेला तांब्या नेऊन ठेवला. संध्याकाळी पाहिला तर पाणी काठोकाठ होतं. कावळासुद्धा बसला नव्हता. तापलेल्या रानातून इदी आली, जीभ बाहेर, पण त्या तांब्याला तिनंही तोंड लावलं नाही. पुढं रोज तांब्या जिथं नजर तिथं. बांधावर. विहिरीजवळ. परसाच्या कुडाशी. रोज भरलेला परत येई. तो आत आणताना तुळजाचं तोंड वाकडं होई, पण ती रडत नसे.

रुक्मिणीच्या डोळ्यांत फूल पडलं होतं. तिला अंगणातलं माणूस ओळखू येत नसे, पण तांब्याची ये-जा कळत होती.

"तुळजा," एकदा ती म्हणाली, "कुटंवर आलाय?"

तुळजा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"विहिरीपातुर, आत्ती."

म्हातारीनं परसाकडं तोंड वळवलं. म्हणाली, "ह्ये घर त्याला कुटं नीट ठावं हाय? बारकेपन सगळं सुप्याला गेलं. तरी वाट काढत आलाय माजा ल्योक."

वैशाख लागला तसा तो दारात आला.

इदी आता गंजीवर चढत नव्हती. अंगणात उन्हात बसून उंबऱ्याकडं पाहत होती. तुळजा दाराच्या आत उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतला. ज्या माणसाला दोन वर्षांपूर्वी एसटीत बसवून दिलं होतं, त्याला ती म्हणाली, "या की आत."

इदीची नजर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं उंबरा सारवला, तांब्याबरोबर गूळ ठेवला. "या आत. आत्ती वाट बगत्यात." नजर तिथंच. फक्त थोडी खाली. उभ्या माणसाच्या तोंडावरून बसलेल्या माणसाच्या तोंडावर यावी तशी.

रुक्मिणी आतून सरकत सरकत दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या अलीकडं बसून तिनं हात पुढं केला आणि हवेत तसाच धरून ठेवला. हात भरून आला तेव्हा खाली घेतला. इदी उंबऱ्याकडंच पाहत होती, म्हातारीच्या हाताकडं पाहत नव्हती.

मग नजर आणखी खाली आली. पार जमिनीशी. उंबऱ्याला लागून, आडवी.

त्या दुपारी इदी पहिल्यांदा रडली. कुत्र्यासारखी नव्हे. बारीक, लांबलेला, दाराच्या बिजागरीसारखा आवाज. तुळजा मशीनवरून उठली आणि दारात आली. उंबऱ्याशी जमिनीवर ऊन पडलं होतं. बाकी काही नव्हतं. पण तिला कळलं. आपण बोलावत होतो म्हणून तो इतकी वाट चालला. आपण वाट बघतो आहोत म्हणून त्याला टेकता येत नाही. आत यायला अंग लागतं, पाणी प्यायला घसा लागतो. त्याच्याकडं दोन्ही नव्हतं.

ती तशीच चपला घालून कान्हूच्या घरी गेली.

"भावजी," ती म्हणाली, "पळसाला पानं आली काय?"

पानं तिनंच खुडली. देह करायला भटजी बसले, पण काड्यांनी पानं टाचायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. खांद्याचं माप, हाताचं माप तिला ठाऊक होतं, त्याचे सदरे तिनंच शिवले होते. दर्भाचा कणा, पानांची छाती, डोक्याला नारळ. संपलं तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावला. अंगणात परशूच्या उंचीचं काहीतरी हिरवं निजलं होतं.

इदीनं उंबऱ्यावरची नजर काढली आणि त्या पानांवर ठेवली.

चौघांनी तिरडी उचलली. पानांचं ओझं ते काय, उगीच रीत म्हणून चौघं. पण वसाहत संपून नदीची उतरण लागली तशी कान्हूनं मान तिरकी केली. मागच्याला म्हणाला, "खांदा बदल." थोडं पुढं गेल्यावर पुन्हा. कान्हू घामानं निथळत होता. शेवटी तिरडी खाली ठेवावी लागली.

"काय झालं?" भटजींनी विचारलं.

"काय न्हाई," कान्हू म्हणाला. त्यानं तिरडीकडं पाहिलं नाही. "चढ हाय."

वाट उताराची होती.

बायका नदीवर जात नाहीत, पण रुक्मिणीनं सुनेचं मनगट धरलं आणि कुणाला विचारलं नाही. नदी वैशाखात बारीक झाली होती, गोट्यांमधून पाण्याची एक रेघ. तिथं तुळजानं गळ्यातलं स्वतःच्या हातानं काढलं. कान्हूनं अग्नी दिला. ओली पानं धुमसली, मग एकदम पेटली. इदी तिच्या शेजारी उभी होती. जाळ मोठा झाला तशी ती खाली बसली, पुढच्या पायांवर तोंड ठेवलं आणि डोळे मिटले.

तुळजानं तिला दिवसाउजेडी डोळे मिटलेलं कधी पाहिलं नव्हतं.

राख सावडायला तिसऱ्या दिवशी सकाळी मोजकीच माणसं गेली. भटजी, कान्हू, तुळजा, रुक्मिणी. इदी मागून आली. सकाळ स्वच्छ होती, पलीकडच्या झाडीत धनेश पक्षी ओरडत होते. राख टोपलीत भरायची, नदीत सोडायची, एवढंच काम होतं. भटजींनी काठीनं राख सारखी केली.

काठी कशावर तरी अडली.

"करवंटी आसंल नारळाची," कान्हू म्हणाला.

भटजींनी राख बाजूला सारली. मग काठी ठेवून दिली आणि हातानं सारू लागले. कान्हू एक पाऊल मागं झाला. रुक्मिणी दगडावर बसून होती, ती म्हणाली, "काय हाय? सांगा की कुनीतरी."

"आहे, बाई," भटजी म्हणाले. त्यांचा आवाज फार हलका झाला होता. "आहे तुमचा मुलगा."

त्यांनी मडकं मागितलं. मडकं कुणीच आणलं नव्हतं. पानांच्या राखेतून अस्थी निघतील असं कुणाला वाटणार? तुळजा पुढं झाली, राखेत गुडघे टेकून बसली आणि तिनं पदर पसरला. भटजी एकेक उचलून ठेवत गेले. तिला वाटलं होतं, हाडं काळी असतील, हात लावला तर भुगा होतील. पण त्यांना जाळाचा डागही नव्हता. वर्षभर उघड्यावर उन्हात पडून असल्यासारखी ती पांढरीफटक, भेगाळलेली आणि कोरडी होती. मांडीचं हाड तिनं उचलून पाहिलं. त्याची एक बाजू गुळगुळीत झिजली होती, वारा रोज एकाच अंगानं वाळू घासत राहावा तशी.